सनदांतील तृण : कुरणाचें गवत, त्याचें बीं व पेरणी

इनामपत्रें वाचणाऱ्यास जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप ही शब्दमालिका तोंडपाठ असते. दिलेल्या जमिनींत उगवलेलें, वाहणारें, पुरलेलें असें जें कांहीं असेल त्या सर्वांवर इनामदाराचा हक्क पोंचावा, एवढ्यासाठीं लेखक हीं पदें एका दमांत लिहून जातो आणि आपणही तीं एका दमांत वाचून जातों. फार तर निधि व निक्षेप यांपाशीं मन थोडें रेंगाळतें. पुरलेल्या धनाची गोष्ट कोणास आवडत नाहीं? पण देशावरील ज्या गांवांस वर्षाकाठीं २०-२५ इंच पाऊस आणि तोही बेभरंवशाचा, तेथें निधि पिढ्यांत एकदां सांपडला तर सांपडला. तृण मात्र दरसाल हातीं येई. दुष्काळांत ज्वारीचें कणीस भरलें नाहीं तरी माळावर कांहीं ना कांहीं गवत उभें राही, आणि त्यावर बैल जगले तरच पुढील पेरणी होई. सनदेंतील हें पद अलंकारिक नव्हे, तें उत्पन्नाचें पद आहे.

या विषयाकडे आम्हांस एका दप्तरानें वळविलें. एका स्नेह्यांच्या घरीं कुरणाच्या शिवेविषयींचे चार-पांच कागद व गवताच्या कापणीसंबंधीं दोन याद्या निघाल्या. ज्या कुरणाचे ते कागद, तो माळ अजून त्याच घराण्याकडे आहे. निम्मा नांगरला गेला आहे, निम्मा उघडा पडला आहे. कागद वाचून झाल्यावर त्यांनीं आम्हांस दोन प्रश्न केले : हें गवत कोणतें होतें, आणि तें पुन्हां आणतां येईल काय? पहिल्याचें उत्तर देणें हें आमचें काम, दुसरा प्रश्न आमच्या अधिकाराबाहेरचा, असें आम्हीं त्या वेळीं म्हणालों. पुढें तीन पावसाळ्यांत दुसऱ्याच्या मागें लागलों असतांच पहिल्याचें उत्तर मिळालें, आणि कागदांतील ज्या ओळी आम्हीं केवळ वसुलीच्या म्हणून सोडून दिल्या होत्या त्यांचा अर्थ लागला. म्हणून हा लेख.

जुन्या राज्यकारभारांत गवताचें मोल काय होतें हें दाखविण्यास शिवाजी महाराजांचें एक पत्र पुरेसें आहे. राज्याभिषेकापूर्वीं चिपळूण तालुक्यांत छावणीस राहिलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस तें लिहिलेलें असून संशोधकांच्या परिचयाचें आहे. पावसाळा संपेपर्यंत पुरावें म्हणून जमविलेला दाणा व गवत आतांच बेपर्वाईनें उधळलें तर पुढें घोडीं उपाशीं मरतील, मग लोक कुणब्यांस उपद्रव देऊं लागतील, असा त्यांत इशारा आहे. आणि उंदरानें पेटती वात ओढून नेली तर गवतास आग लागून सर्व पागा बुडेल, इतक्या बारकाव्याची ताकीदही आहे. वाचकांचें लक्ष बहुधा रयतेच्या काळजीकडे जातें, आणि तें योग्यच आहे. तथापि एक गोष्ट सहसा कोणी विचारीत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं कोंकणांत, जेथें चार दिवसांत सर्वत्र हिरवें होतें, तेथें सुक्या गवतासाठीं एवढा जीव कां टाकावा? याचें उत्तर असें कीं पावसाळ्यांतील कोंवळें गवत पाण्यानें भरलेलें असतें, तें वाळवून सांठवितां येत नाहीं, आणि केवळ त्यावर घोड्याचें बळ राहत नाहीं. आश्विन-कार्तिकांत कापलेलें, वाळलेलें, गंजी रचून ठेविलेलें गवतच पुढील भाद्रपदापर्यंत पुरवावें लागे. म्हणजे पागेचें वर्ष हें गवताच्या वर्षावर बेतलेलें होतें. शिरूर तालुक्यांत आलेगांव पागा हें गांव आहे. भीमेच्या कांठचीं तट्टें प्रसिद्ध होतीं. ज्या गांवांचें नांवच कुरण अशीं गांवेंही आहेत. नांवें राहिलीं, गवत बहुतेक ठिकाणीं राहिलें नाहीं.

आतां हें गवत कोणतें तें पाहूं. या कामीं आम्हांस दोन ग्रंथांचा उपयोग झाला. एक, ब्लॅटर व मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यांतील गवतांवरील १९३५ सालचा ग्रंथ. दुसरा, दाबडघाव व शंकरनारायण यांचा भारताच्या तृणाच्छादनावरील १९७३ सालचा. या दुसऱ्या ग्रंथांत देशांतील गवताळ रानांचे पांच वर्ग पाडून दख्खनसह द्वीपकल्पाच्या फार मोठ्या भागास ‘सेहिमा-डायकँथियम’ असें जोडनांव दिलें आहे. नांवें परकीं वाटतात, पण वस्तु घरची आहे : सेहिमा म्हणजे आपला पवना, आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. जातां जातां सांगण्यासारखें हें कीं मारवेल गवताचें पहिलें शास्त्रीय वर्णन फोर्स्कोल या स्वीडिश पंडितानें केलें. तो १७६३ त येमेनांत मरण पावला. त्याचें लिखाण त्याचा सोबती कार्स्टन नीबूर यानें १७७५ त छापविलें. हाच नीबूर १७६३-६४ त मुंबईस येऊन राहिला होता. सोबत्याच्या टिपणांतील तें गवत येथें वाटेवर उगवलेलें त्यानें पाहिलें असेल कीं नाहीं, कोण जाणे.

पवना डोंगरउतारावर व हलक्या, मुरमाड जमिनींत येतो, कंबरेएवढा वाढतो, वाळल्यावरही जनावरें तो आवडीनें खातात. मारवेल गवतास किंचित् खोल व ओल धरणारी जमीन मानवते. त्याची खूण सोपी आहे : काडीच्या प्रत्येक पेराभोंवतीं पांढऱ्या केंसांचें कडें असतें, आणि शेंड्यास बोटांसारखे तुरे एकत्र फुटतात. तिसरें गवत अंजन. तें अधिक कोरड्या भागांत टिकतें व त्याचें कणीस मऊ केंसाळ असतें. येथें कागद वाचणाऱ्यांनीं जपावें. अंजन या नांवाचे वृक्षही आहेत, एक खानदेशाकडील व एक सह्याद्रीवरील. तेव्हां ‘अंजन’ एवढाच शब्द आढळल्यास मागचापुढचा संदर्भ पाहिल्याविना गवत किंवा झाड असा निकाल देऊं नये. तसाच घोटाळा ‘गवत’ या शब्दाचाही होतो. काळ्या रानांतील कुंदा व हरळी हीं शेतकऱ्याचीं वैरी. तीं खणून काढण्यासाठीं सहा-सहा, आठ-आठ बैलांचे नांगर धरीत. गवत काढल्याचा खर्च एखाद्या यादींत दिसला तर तो कुरणाच्या कापणीचा कीं शेताच्या साफसफाईचा, हें जमिनीच्या वर्णनावरूनच ठरवावें लागेल.

चौथें गवत कुसळी. तें सर्वांच्या पायांत बोंचलेलें असल्यामुळें वर्णनाचें कारण नाहीं. पण इतिहासाच्या दृष्टीनें तें महत्त्वाचें साक्षीदार आहे. माळावर जनावरांचा भार वाढला, कीं पवना प्रथम मागें हटतो व कुसळी पुढें येतें. भार तसाच राहिला तर तेंही जाऊन वर्षायु खुरटें गवत व शेवटीं उघडा मुरूम उरतो. राखण केली कीं हाच क्रम हळूहळू उलटा फिरतो. आमच्या स्नेह्यांच्या माळावर आम्ही प्रथम गेलों तेव्हां सर्वत्र कुसळी होतें, आणि ओढ्याच्या दरडीवर, जेथें शेळीचें तोंड पोंचत नाहीं अशा जागीं, पवन्याचे दहा-बारा ठोंब उभे होते. जुन्या वाड्याच्या पायांत एखादा कोरीव दगड सांपडावा, तसा आनंद आम्हांस झाला.

हीं चारही गवतें ठोंबाचीं आहेत. हरळीसारखीं तीं जमिनीवर धांवत नाहींत. एका जागीं गड्डा धरून वर्षानुवर्षें राहतात. अवर्षणांत तीं कशीं तगतात हें ठोंब उपटून पाहिला म्हणजे कळतें. पानें व काड्या वाळून गेल्या तरी मातीच्या पृष्ठाशीं, जुन्या काड्यांच्या वेष्टनांत, पुढील वर्षाचे डोळे जिवंत असतात, आणि त्यांखालीं मुळांचा दाट झुपका खोल गेलेला असतो. पावसाची पहिली सर काड्यांवरून घरंगळून बुंध्याशींच मुरते. म्हणून एकदां जम बसलेला ठोंब दुष्काळाचें वर्ष झोपून काढतो. जे मरतें तें पहिल्या वर्षाचें रोप. सारी अडचण त्या पहिल्या वर्षाची आहे.

आमचें पहिलें वर्ष पूर्ण वायां गेलें, आणि तें आमच्या अज्ञानामुळें. मार्गशीर्षांत आम्ही बीं गोळा करावयास गेलों, तों पवन्याचे तुरे जवळजवळ रिकामे. हें गवत ज्वारीप्रमाणें दाणा धरून ठेवीत नाहीं. जो दाणा पिकला तो गळला, आणि एकाच तुऱ्यांत वरचे पिकलेले व खालचे कोंवळे असे दाणे एकाच वेळीं असतात. जें हातीं लागलें तें आम्हीं ज्येष्ठांत बाजरीसारखें तिफणीनें पेरलें. श्रावण संपला तरी त्या ओळींत तरोटा व केना यांशिवाय कांहीं दिसलें नाहीं.

बियाची घडण समजून घेतली असती तर ही फजिती टळती. या गवतांच्या तुऱ्यावर दाणे जोडीनें बसलेले असतात. जोडींतील एक बिनदेंठाचा व एक देंठाचा. बीं धरतो तो बिनदेंठाचा. देंठाचा बहुधा वांझ. (अंजनाची रचना निराळी आहे, तेथें केंसाळ वेष्टनांत एक-दोन दाणे असतात.) म्हणजे पोतें भरून आणलें तरी त्यांत निम्मा भाग मुळांतच भूस, आणि उरलेल्यांतही पुष्कळ पोकळ. हातावर चोळून नखानें दाबून पाहावें. आंत टणक दाणा लागला तरच तें बीं. दुसरी गोष्ट अशी कीं ताजें बीं उगवत नाहीं. तें झोपलेलें असतें. कार्तिकांत गळलेलें बीं अवकाळी पावसानें लगेच उगवलें तर पुढील आठ महिन्यांच्या कोरडीनें मरेल. म्हणून निसर्गानें त्यास उन्हाळा ओलांडीपर्यंत कुलूप घातलेलें आहे. कोरड्या जागीं कापडी पिशवींत सहा ते बारा महिने ठेविलें कीं हें कुलूप आपोआप निघतें. पण दोन-तीन वर्षांपलीकडे ठेवूंही नये, उगवण घटत जाते.

तिसरी गोष्ट कुसळाची. आम्ही त्यास उपद्रव समजत होतों. वास्तविक तो बियाचा नांगर आहे. कुसळ ओलें झालें कीं पीळ सुटतो, वाळलें कीं पुन्हां वळतो, आणि या उलटसुलट फिरण्यानें दाण्याचें अणकुचीदार टोंक मातींत शिरतें. मेंढीच्या लोंकरींतून कातडींत शिरतें तें याच युक्तीनें. तें मातींत जातें तें फार थोडें, नखभर. तिफणीनें आम्हीं त्यास चार बोटें खालीं गाडलें होतें, म्हणजे जिवंतपणींच मूठमाती दिली.

दुसऱ्या वर्षीं आम्हीं निराळा मार्ग धरला. आश्विनाच्या अखेरीपासून दर चार-पांच दिवसांनीं माळावर जाऊन पिकलेले तेवढे दाणे बोटांनीं ओरबाडून घ्यावयाचे, असा नेम केला. जवळच्या एका टेंकडीवर राखलेला पवना होता, तेथूनही बीं मिळालें. दूरदेशचें बीं घेऊं नये असें आमचें मत झालें आहे. आपल्याच पावसाच्या व मातीच्या संवयीचें बीं असावें. तें सावलींत वाळवून पुढील ज्येष्ठांत नव्हे, तर वर्षाआड, म्हणजे त्यापुढच्या ज्येष्ठांत वापरण्यास कांहीं ठेविलें व कांहीं लगेचच्या ज्येष्ठांत वापरलें. जुनें निश्चितपणें सरस ठरलें. पेरण्यापूर्वीं ओल्या फडक्यांत शंभर दाणे गुंडाळून आठ-दहा दिवसांनीं मोड मोजावे. शंभरांत वीसच आले तर बीं त्या मानानें अधिक टाकावें. शेतकी शास्त्रज्ञ हेक्टरीं सुमारें ५ किलो बीं सांगतात. तो आंकडा चांगल्या, निवडलेल्या बियाचा आहे हें लक्षांत असावें.

केंसाळ बीं वाऱ्यानें उडतें, एकमेकांत गुंततें व मुंग्या ओढून नेतात. यावर उपाय म्हणजे तें वाळूबरोबर गोणपाटावर चोळून कुसळें मोडावीं, मग पुष्कळशी चिकणमाती, थोडें शेण व वाळू यांत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळाव्या व सावलींत वाळवाव्या. या गोळ्या मृगाच्या सुमारास, जमीन नुसती खरवडून, वर फेंकल्या म्हणजे झालें, पुरूं नयेत. फार तर काटेरी फांदी एकदां वरून ओढावी. खडकाळ माळावर हाच उपाय उत्तम. आमच्यासारख्या घाईच्या माणसांस दुसरा मार्ग अधिक समाधान देतो : वाफ्यावर बीं विखरून, वर बोटाच्या पेराच्याही निम्म्याहून कमी जाडीची चाळलेली माती टाकून, झारीनें पाणी द्यावें, चार-पांच आठवड्यांचीं रोपें भर पावसांत हातभर अंतरावर लावावीं. जुने ठोंब फोडूनही लावतां येतात, व तें सर्वांत खात्रीचें. पण दहा-बारा ठोंब म्हणजे आमचा सर्व मूळसंग्रह, तो फोडण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. हस्तलिखितें जमविणाऱ्यांस हें भय समजेल.

पहिल्या वर्षीं पवन्याचें रोप पाहून निराशा होते. वर चार पानें दिसतात, कारण सर्व शक्ति मुळाकडे गेलेली असते. या वर्षीं तेथें एकही जनावर शिरूं देऊं नये, तण हातानें काढावें, आणि कापणी करूं नये. दुसऱ्या वर्षीं तुरे येतात; तेव्हां कापावें, पण चार-सहा इंच बुंधा ठेवून. डोळे बुंध्याशीं असतात; विळा भुईसरपट चालविला कीं पुढचें वर्ष कापलें गेलें.

एवढें हातानें केल्यावर आम्हीं तें दप्तर पुन्हां सोडलें. त्यांतील एका यादींत दसऱ्यापूर्वीं कुरणांत विळा घालूं नये अशी ताकीद आहे. दुसरींत कुरणाची राखण करणाऱ्या माणसांचें वेतन पावसाळ्याच्या आरंभापासून धरलें आहे, आणि गुरें सोडण्याची मोकळीक कापणीनंतर बऱ्याच दिवसांनीं आहे. पूर्वीं आम्ही हें केवळ चोरी टाळण्याचें धोरण समजलों. आतां दिसतें कीं गवत सर्वांत पौष्टिक असतें तें फुलोऱ्यावर. त्यापुढें दाणा गळेपर्यंत थांबावें तर वैरणीचा कस उतरतो, आणि आधीं कापावें तर माळावर बीं पडत नाहीं. दसऱ्याची मर्यादा ही या दोहोंमधली तडजोड होती. कांहीं दाणा गळून गेलेला, कांहीं काडी अजून हिरवट. ज्यानें ती मर्यादा घातली त्यास बियाची घडण ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण राखलेल्या कुरणांत दरसाल पेरणी होत होती, ती या मर्यादेमुळें. कुसळीच्या माळास हाच नियम लावला तर वैरणींत कुसळें येऊन जनावरांचीं तोंडें सोलतील. म्हणून ज्या कागदांत याहून आधींची कापणी दिसेल तेथें कुसळीचा संशय घेण्यास जागा आहे. हा आमचा तर्क. तो अनेक दप्तरांवर घांसून पाहिला पाहिजे.

कुरणाचें वर्णन करतांना तो सगळा सुखाचाच मामला होता असें मात्र कोणीं समजूं नये. सरकारी गवत कापण्यास व वाहून नेण्यास रयत वेठीस धरली जाई, आणि इनामपत्रांत वेठबेगार माफ केल्याचा उल्लेख इतक्या अगत्यानें कां येतो हें त्यावरून कळतें. राखणीचा भार मेंढपाळांवरही पडे. पण उलट बाजूही आहे. पुढें इंग्रजी अमलांत व नंतरही उघड्या माळास पडीक म्हणण्याची संवय जडली, आणि पडीक म्हटलें कीं तें नांगरावें किंवा त्यावर झाडें लावावीं हेंच सुचतें. हलक्या माळावर दाट झाडी लावली तर सावलीनें पवना मरतो. माळढोकासारखा पक्षीही तेथें राहत नाहीं. सोलापुराजवळ नान्नज येथें १९७९ सालीं या पक्ष्यासाठीं अभयारण्य जाहीर झालें, तें गवताळ माळाचेंच. जुन्या कागदांत ज्यास शिवा घालून, राखणदार नेमून सांभाळलें, त्यास पडीक म्हणणें हा निदान आमच्या क्षेत्रांत तरी वाचनाचा दोष मानला पाहिजे.

स्नेह्यांच्या माळाचा जो भाग नांगरला गेला तेथें अजून कांहीं केलेलें नाहीं. उघड्या भागांत एका बिघ्याएवढ्या जागेस कुंपण घातलें आहे. त्यांत रोपांच्या ओळी जगल्या आहेत, गोळ्यांचीं रोपें विरळ पण ठिकठिकाणीं आहेत, आणि कांहीं जागीं कुसळीनें पुन्हां वर डोकें काढलें आहे. ओढ्याच्या दरडीवरील मूळ ठोंबांस आम्हीं हात लावलेला नाहीं. ज्यांच्या संग्रहीं कुरणाच्या शिवेचे अथवा कापणीचे कागद असतील त्यांनीं नकलेबरोबर त्या जागेची आजची स्थिति कळवावी, आणि शक्य झाल्यास कार्तिक उतरण्यापूर्वीं तेथें एकदां जाऊन यावें. मूठभर तुरे मिळाले तर कापडी पिशवींत घालून, गांव, जमिनीचा प्रकार व महिना चिठ्ठीवर लिहून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवींत ठेवूं नयेत, आंत दमट होऊन बीं कुजतें. आणि रुमालांत बांधलेल्या पोथ्यांशेजारींही ठेवूं नयेत, कारण बियाबरोबर येणारी कीड कागदास ओळखते.